इस्रायलचे मवाळ: गणवेशातून आलेली तडजोडीची बाजू

'मवाळ' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर गोखले उभे राहतात. अर्ज, विनंत्या, सनदशीर मार्ग. तोच चष्मा लावून इस्रायलच्या मवाळांकडे पाहिलं की फसगत होते. पॅलेस्टिनी प्रश्नावर तडजोड करा, असं तिथे ज्यांनी ठासून सांगितलं त्यांत माजी लष्करप्रमुख आहेत, गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख आहेत, राखीव दलातले अधिकारी तर ढीगभर. शत्रूविषयी माया दाटून आली म्हणून हे लोक मवाळ झाले नाहीत. त्यांनी हिशेब मांडला.

हिशेब असा. जॉर्डन नदी ते भूमध्य समुद्र या पट्ट्यात आज ज्यू आणि पॅलेस्टिनी अरब जवळपास सारखेच आहेत, दोन्हीकडे साधारण ७० लाख. सगळी जमीन, ज्यूंचं बहुमत आणि लोकशाही या तिन्हींपैकी एका वेळी दोनच पदरात पडतात. सगळी जमीन ठेवून सर्वांना मत दिलं तर ज्यू राष्ट्र उरत नाही, मत नाकारलं तर लोकशाही उरत नाही. तेव्हा जमीन सोडा. या मांडणीत पॅलेस्टिनी माणसाला न्याय मिळणं दुय्यम ठरतं, हा आक्षेप जुना आहे आणि माझ्या मते रास्तही.

राष्ट्र जन्माला येण्याआधीचे मवाळ वेगळ्या जातकुळीचे होते. १९२५ मध्ये जेरुसलेममध्ये 'ब्रित शालोम' नावाचा मूठभर विद्वानांचा गट निघाला. आर्थर रुपिन, गेर्शोम शोलेम त्यात होते, मार्टिन बुबर आणि हिब्रू विद्यापीठाचे जुडा माग्नेस त्यांच्या विचारांचे. एकाच देशात दोन्ही समाजांनी बरोबरीने राहावं, असं त्यांचं म्हणणं. अरबांकडून तोलामोलाचा प्रतिसाद आला नाही, आणि १९२९ च्या दंगलीत हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेल्यावर त्यांच्याच समाजात त्यांचं कुणी ऐकेना.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी केला. स्वतःची फाळणी नुकतीच भोगलेल्या भारताने विरोधात मत दिलं. ज्यू नेतृत्वाने ठराव स्वीकारला, अरबांनी धुडकावला, युद्ध झालं, आणि सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. त्या घटनेला ते 'नकबा', म्हणजे महासंकट, म्हणतात.

त्या युद्धातला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल यांनी जेरुसलेमच्या नकाशावर आपापल्या ताब्याच्या रेषा ओढल्या, एकाने लाल पेन्सिलीने, दुसऱ्याने हिरव्या. पेन्सिली जाड होत्या. नकाशावरची तीन-चार मिलिमीटरची रेघ जमिनीवर साठ-ऐंशी मीटर रुंद भरत होती. रेघेखाली आलेली घरं नेमकी कुणाची, यावरून पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. पुढच्या वर्षी शस्त्रसंधीची जी सीमा ठरली ती 'हिरवी रेषा' म्हणूनच ओळखली जाते. आज मवाळ ज्या सीमेवर परत जायला सांगतात ती हीच, थोड्याफार अदलाबदलीसह.

जून १९६७ मध्ये सहा दिवसांत ही रेषा पुसली गेली. वेस्ट बँक (जॉर्डन नदीचा पश्चिम काठ), गाझा, पूर्व जेरुसलेम, इजिप्तची सिनाई, सीरियाचं गोलान सगळं इस्रायलच्या हाती आलं. शांततेच्या बदल्यात सिनाई आणि गोलान परत द्यायची तयारी मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात ठेवली होती, वेस्ट बँकेचं मात्र ठरेना. सप्टेंबरमध्ये खार्टूमला अरब देशांनी इस्रायलशी शांतता नाही, मान्यता नाही, वाटाघाटी नाहीत असं जाहीर केलं. देश विजयाच्या धुंदीत असताना येशायाहू लेइबोवित्झ नावाचा, डोक्यावर टोपी घालणारा धर्मनिष्ठ प्राध्यापक सांगत होता की परक्या लोकांवर राज्य करणारं राष्ट्र पोलिसी राज्य होईल. त्याला तेव्हा बहुतेकांनी विक्षिप्तात काढलं.

मवाळांची चळवळ खऱ्या अर्थाने उभी राहिली ती मार्च १९७८ मध्ये. आदल्या नोव्हेंबरात इजिप्तचे अन्वर सादात जेरुसलेममध्ये येऊन इस्रायली संसदेपुढे बोलून गेले होते. बोलणी अडखळली तेव्हा राखीव दलातल्या ३४८ अधिकाऱ्यांनी आणि सैनिकांनी पंतप्रधान मेनाहेम बेगिन यांना पत्र लिहिलं. मथितार्थ असा: शांततेपेक्षा विस्तीर्ण इस्रायलच्या सीमा आणि वसाहती, म्हणजे जिंकलेल्या भागातल्या ज्यू वस्त्या, सरकारला प्याऱ्या असतील, तर आमच्या लढण्याच्या कारणाबद्दलच आम्हाला प्रश्न पडेल. यातून 'शालोम अखशाव', म्हणजे 'शांतता, आत्ताच', ही चळवळ निघाली. सही करणारे लढाया लढून आले होते, त्यामुळे त्यांना देशद्रोही म्हणणं जड जात होतं. पुढच्याच वर्षी इजिप्तशी करार झाला आणि १९८२ पर्यंत टप्प्याटप्प्याने सिनाई परत गेली. जमीन देऊन शांतता मिळते याचा तो पुरावा, आजवर टिकलेला.

पण या चळवळीच्या सभांना गर्दी कुणाची होती? तेल अवीवचे सुशिक्षित, किबुत्झवाले (सामुदायिक शेतीवस्त्यांत राहणारे), बहुतेक युरोपीय वंशाचे. मोरोक्को, इराक, येमेनमधून आलेल्या ज्यूंना मजूर पक्षाच्या सरकारांनी पन्नाशीच्या दशकात सीमेवरच्या, वाळवंटातल्या नव्या गावांत नेऊन टाकलं होतं. तो राग त्यांनी १९७७ मध्ये विरोधातल्या उजव्या बेगिनना निवडून देऊन काढला. आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायलही दिमोना, अश्दोद, बीरशेबा अशाच गावांत वसले, आणि साठच्या दशकात लग्नाच्या बाबतीत आपण अस्सल ज्यू आहोत हे मान्य करून घेण्यासाठी त्यांना धरणं धरावं लागलं. अशा वस्त्यांत मवाळांचं म्हणणं 'त्या वरच्या लोकांचं' म्हणूनच ऐकलं गेलं. हे अंतर मवाळांनी कधी नीट भरून काढलं नाही. त्यांच्या पडझडीचं हे मोठं कारण असूनही त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला. तेव्हाचे संरक्षण मंत्री यित्झाक राबिन. १९६७ चं युद्ध जिंकून देणारे लष्करप्रमुखही तेच. दगड मारणाऱ्या पोरांना लाठ्यांनी बडवून काढण्याचं धोरण त्यांनी उघडपणे जाहीर केलं. त्याच राबिन यांना काही वर्षांत कळून चुकलं की यावर लष्करी उतारा नाही. १९९२ मध्ये ते पंतप्रधान झाले. मजूर पक्षाला ४४ जागा मिळाल्या, डाव्या मेरेट्झला १२. यायर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक या दोन अभ्यासकांनी नॉर्वेत पीएलओच्या, म्हणजे पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेच्या, लोकांशी गुपचूप सुरू केलेल्या बोलण्यांतून ओस्लो करार झाला, आणि १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राबिन यांनी पीएलओचे नेते यासर अराफत यांचा हात हातात घेतला, काहीसा अवघडूनच.

या करारात पॅलेस्टिनी राष्ट्र असा शब्द नाही आणि वसाहती थांबवण्याचं कलमही नाही. दोन्ही बाजूंच्या जहालांना मधल्या वेळेत हवं ते करायला रान मोकळं मिळालं. फेब्रुवारी १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टाइन या ज्यू डॉक्टरने हेब्रॉनच्या मशिदीत २९ नमाजींना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी हमास या सशस्त्र इस्लामवादी पॅलेस्टिनी संघटनेने इस्रायलमध्ये बसगाड्या उडवायला सुरुवात केली. ४ नोव्हेंबर १९९५ च्या रात्री तेल अवीवच्या चौकात शांतता सभा संपली. राबिन इतरांच्या जोडीने शांततेचं गाणं म्हणाले, कागदाची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि मोटारीकडे निघाले. यिगाल आमीर या ज्यू तरुणाने मागून गोळ्या झाडल्या. तो गाण्याचा कागद गोळीने भोकसलेला, रक्ताने माखलेला सापडला.

पुढच्या निवडणुकीत बेन्यामिन नेतान्याहू एक टक्क्याहून कमी फरकाने जिंकले. त्याआधीच्या महिन्यांत जेरुसलेम आणि तेल अवीवमध्ये बॉम्ब फुटले नसते तर निकाल काय लागला असता, याची चर्चा इस्रायलमध्ये अजून संपलेली नाही.

मवाळांचं कंबरडं मोडलं ते दुसऱ्या इंतिफाद्यात. जुलै २००० मध्ये कॅम्प डेव्हिडची बोलणी फिसकटली. 'पलीकडे बोलायला जोडीदारच नाही' असं पंतप्रधान एहूद बराक सांगू लागले, आणि हे बोलणारा माणूस मजूर पक्षाचा, म्हणजे मवाळांच्या घरातलाच होता. पुढच्या चार-पाच वर्षांत १,००० हून अधिक इस्रायली आणि ३,००० हून अधिक पॅलेस्टिनी मेले. मवाळांचा युक्तिवाद सुरक्षिततेच्या पायावर उभा होता, त्यामुळे बसमध्ये बसायची भीती वाटू लागल्यावर तोच युक्तिवाद उलटा फिरला. वेगळं व्हायचं ना, मग भिंत बांधा. 'आपण इकडे, ते तिकडे' ही मूळची मवाळांची घोषणा. २००२ पासून काँक्रीट आणि तारेचं कुंपण उभं राहिलं, आणि लोकांना स्वस्थ वाटू लागताच वाटाघाटींची निकड संपली.

प्रयत्न अगदीच थांबले नाहीत. २००३ मध्ये इस्रायलचे योसी बेलिन आणि पॅलेस्टिनी नेते यासर अबेद रब्बो यांनी शांतता कराराचा जिनिव्हा आराखडा गल्लीबोळांसह काढून दाखवला. २००८ मध्ये पंतप्रधान एहूद ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांच्यापुढे नकाशा ठेवला. दरम्यान २००५ मध्ये इस्रायलने गाझा सोडलं, कराराविना, एकतर्फी. २००७ मध्ये ते हमासच्या हाती गेलं. 'जमीन दिली, रॉकेटं मिळाली' हे वाक्य तिथल्या गप्पांत ठरलेलं झालं. ओस्लोच्या वेळी वेस्ट बँकेत, पूर्व जेरुसलेम वगळून, १ लाख १० हजारांच्या आसपास वसाहतवाले होते, आता ५ लाखांवर आहेत. हिशेब तोच राहिला, पण सोडायची जमीन दर वर्षी महाग होत गेली. २०२२ च्या निवडणुकीत मजूर पक्ष ४ जागांवर आला आणि मेरेट्झ संसदेबाहेर फेकला गेला.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ जणांना पळवून नेलं. हल्ला झालेल्या किबुत्झांत मवाळ मंडळीच जास्त राहत होती. बेएरीच्या विवियन सिल्व्हर शांततेसाठी स्त्रियांची मोठी संघटना उभी करणाऱ्यांपैकी, त्या मारल्या गेल्या. नीर ओझचे ऐंशी पार केलेले पत्रकार ओदेद लिफशित्झ गाझातल्या आजारी माणसांना स्वतःच्या गाडीतून इस्रायलच्या रुग्णालयांत पोहोचवायचे. त्यांना ओलीस नेलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचा मृतदेह परत आला. पलीकडे गाझात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार, ६० हजारांहून अधिक माणसं मेली. जुलै २०२४ मध्ये इस्रायली संसदेने पॅलेस्टिनी राष्ट्राच्या विरोधात ६८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला.

त्याच महिन्यात मजूर पक्ष आणि मेरेट्झ एकत्र येऊन 'डेमोक्रॅट्स' झाले. नेते यायर गोलान, लष्कराचे माजी उपप्रमुख. ७ ऑक्टोबरच्या सकाळी साठी उलटलेला हा माणूस गणवेश चढवून, स्वतःच्या छोट्या टोयोटातून, लपून बसलेल्या पोरांना आणायला निघाला होता. मे २०२५ मध्ये त्यांनी इस्रायली रेडिओवर सांगितलं की शहाणा देश छंद म्हणून लहान मुलांना मारत नाही. त्यावर संरक्षण मंत्र्यांनी जाहीर केलं, या माणसाला राखीव सेवेला बोलावू नका आणि गणवेश घालू देऊ नका.