गोंगाटाखालचे ५० बिट

मार्च महिना आला की एमएच ३७० विमान व्हॉट्सअ‍ॅपवर परत येतंच. ८ मार्च २०१४ ला २३९ माणसांसकट नाहीसं झालेलं ते मलेशियाचं विमान, आणि गेली काही वर्षं त्याच्यासोबत फिरणारा दावा असा की हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांच्या, 'व्हिस्पर' (WSPR) नावाच्या अतिकमजोर सिग्नलांमधून त्या विमानाचा मार्ग सापडला म्हणे. गच्चीवर तारेचं रिंगण लावून बसणारा ओळखीतला मी एकटाच असल्यामुळे हे फॉरवर्ड फिरून फिरून माझ्याकडे येतं, खाली प्रश्न असतो, "हे तुमचंच ना?" हो, व्हिस्पर आमचंच, दावा मात्र आमचा नव्हे. त्या दाव्याकडे येतोच, पण आधी हा सिग्नल गोंगाटातून बाहेर कसा काढतात ते सांगू द्या, खरी मजा तिथेच आहे आणि ती कळली की फॉरवर्डचं काय करायचं ते तुमचं तुम्हीच ठरवाल.

एफएम रेडिओ साधारण १०० मेगाहर्ट्झवर चालतो, तिथे एक तरंग ३ मीटरचा. हॅम लोकांना फार खालचे दोन बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, जागतिक रेडिओ परिषदांमधून मिळालेत, २००७ मध्ये १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ आणि २०१२ मध्ये ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ. १३६ किलोहर्ट्झला एक तरंग तब्बल २२०० मीटर लांब. अँटेना नीट चालायला निदान तरंगाच्या पाव भाग उंच लागते, म्हणजे ५५० मीटर, आणि आपण माडाला तार बांधून बांधून बांधणार ती १५ मीटर. त्यामुळे पाठवणाऱ्याची बहुतेक पॉवर कॉइल आणि जमीन तापवण्यातच जाते आणि हवेत सुटते ती जेमतेम, शिवाय नियमाप्रमाणे या खालच्या बँडवर १ वॉटच्या वर सोडायचंही नाही. आणि याच पट्ट्यात निसर्गाचा गोंगाट सगळ्यात जास्त. पृथ्वीवर सरासरी दर सेकंदाला ४०-४५ विजा कडाडतात आणि प्रत्येक वीज हा फुकटचा ट्रान्समीटर, तिचा कडकडाट खालच्या फ्रिक्वेन्सीवर हजारो किलोमीटर जातो.

इथे बहुतेकांना वाटतं की सिग्नल कमजोर असेल तर चांगला अ‍ॅम्प्लिफायर लावायचा, झालं. नाही होत. अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल कुठला आणि कचरा कुठला ते कळत नाही, तो दोघांनाही सारखंच वाढवतो, १० पट सिग्नल आणि १० पट कचरा, प्रमाण तिथल्या तिथे. मग उपाय काय? सावकाश बोलायचं, आणि काय बोलणार आहोत त्याचा साचा आधीच ठरवून ठेवायचा.

व्हिस्पर २००८ मध्ये आणलं ते जो टेलर यांनी. हे तेच टेलर ज्यांना रसेल हल्स यांच्यासोबत १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ ठोके देणारा तारा, त्याच्या जोडीच्या शोधासाठी. आयुष्यभर आकाशातून येणारे अतिकमजोर ठोके रेडिओ गोंगाटातून वेगळे काढणारा माणूस हॅमही असेल तर तो हेच करणार. व्हिस्परच्या एका संदेशात असतं ते एवढंच, तुमचं कॉलसाइन (परवान्यावरचं रेडिओतलं नाव), तुमचा लोकेटर आणि किती पॉवरने पाठवताय. "के१एबीसी एफएन४२ ३७", बस. ३७ म्हणजे डीबीएम या पॉवरच्या मापात ३७, ५ वॉट. लोकेटर म्हणजे पृथ्वीवर आखलेल्या चौकोनांचा चार अक्षरी पत्ता, आपली पणजी, डिचोली, मडगाव एमके६५ मध्ये, वाळपई आणि सांगे पलीकडच्या एमके७५ मध्ये, ७४ रेखांश गोव्याच्या मधून जातो म्हणून.

आता हे कसं कोंबलंय बघा. कॉलसाइनला सहा जागा. पहिल्या जागी अक्षर, आकडा किंवा रिकामी असे ३७ पर्याय, दुसऱ्या जागी ३६, तिसऱ्या जागी आकडाच हवा म्हणून १०, आणि शेवटच्या तिन्ही जागी २७-२७. सगळा गुणाकार केला की २६,२१,७७,५६० येतात, आणि २८ बिटांत (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) मावतात २६,८४,३५,४५६. किती नेमकं बसलंय! लोकेटर ३२,४०० प्रकारचे, १५ बिटांत ३२,७६८ मावतात. पॉवरला ७ बिट. झाले ५०. हे ५० बिट पाठवायला व्हिस्परला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, नेमकं सांगायचं तर ११०.६ सेकंद, आणि हा संथपणाच त्याची ताकद.

कारण असं की एखादा सूर जितका जास्त वेळ ऐकाल तितकी त्याची फ्रिक्वेन्सी बारकाईने ठरवता येते. व्हिस्परमध्ये एकेक सूर ०.६८३ सेकंद चालतो, मग फ्रिक्वेन्सीची बारकाई त्याच्या उलट, १ भागिले ०.६८३, म्हणजे १.४६ हर्ट्झ. गोंगाट सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला असतो, सूर मात्र एकाच जागी. साध्या रिसीव्हरची खिडकी २५०० हर्ट्झची, ती आपण १.४६ हर्ट्झच्या फटीपर्यंत बारीक केली तर गोंगाट सुमारे १७०० पट कमी आत येतो आणि सूर पूर्णच्या पूर्ण येतो. व्हिस्परचे डिकोड, म्हणजे गोंगाटातून उलगडलेले संदेश, स्क्रीनवर उणे २८ डीबीने सर्रास दिसतात, म्हणजे २५०० हर्ट्झच्या खिडकीत गोंगाट सिग्नलच्या ६३० पट, कानाने ऐकाल तर फक्त खरखर. पण ६३० ला १७०० ने भागा, ०.३७. त्या फटीत आता सिग्नल गोंगाटाच्या पावणेतीन पट मोठा आहे. काही जादू नाही, शाळेतला भागाकार.

पण फट उघडायची कुठे आणि सुरुवात कधी झाली हे कसं कळणार? त्यासाठी साचा. व्हिस्परमध्ये चार सूर असतात, त्यांना ०, १, २, ३ म्हणू, आणि १६२ सूर एकामागून एक जातात. प्रत्येक सुरात दोन गोष्टी लपलेल्या, एक माहितीचा बिट आणि एक सिंकचा, म्हणजे वेळ जुळवायचा, बिट. सूर म्हणजे माहितीची दुप्पट अधिक सिंक. सिंकची १६२ शून्य-एकांची माळ जगातल्या प्रत्येक व्हिस्पर ट्रान्समीटरची एकच, आधीच ठरलेली, आणि ती मुद्दाम इतकी वेडीवाकडी की थोडी पुढेमागे सरकवली तर स्वतःशीच जुळत नाही. डिकोडर ती माळ वेळेत थोडी पुढे, थोडी मागे, फ्रिक्वेन्सीत थोडी वर, थोडी खाली अशी सरकवत राहतो आणि एका ठिकाणी बेरीज एकदम उसळते. चवथीला वाड्यावर फटाके फुटत असताना पलीकडच्या घरातल्या आरतीचे घुमटाचे ठोके आपल्याला निम्मेच ऐकू येतात, तरी कुठली आरती कुठल्या कडव्यावर आहे ते आपण सांगतो, कारण ठेका आधीच डोक्यात आहे. तसंच हे.

आणि माझा सगळ्यात आवडता भाग अजून राहिलाय. ५० बिटांना मागे ३१ शून्यं जोडून ८१ करतात आणि ते एकेक करून ३२ घरांच्या एका रांगेत सरकवतात, दर सरकण्याला त्या घरांतल्या ठरावीक बिटांची सम-विषम बघून दोन नवे बिट बाहेर पडतात, ८१ दुणे १६२. म्हणजे तुमचा प्रत्येक मूळ बिट रांगेतून सरकेपर्यंत ६४ बाहेरच्या बिटांच्या हिशेबात येऊ शकतो, एकटा कुठेच नाही, थोडा थोडा सगळीकडे. मग हे १६२ बिट पिसून त्यांची जागा बदलतात, ते कशाला तर समजा मे महिन्यात सह्याद्रीवर ढग जमलेत आणि मध्येच वीज कडाडून तीन-चार सेकंद सगळं पांढरं झालं, सलग पाचेक सूर गेले, पण पिसणं उलटं केलं की ते पाच खड्डे दूरदूर विखुरतात आणि शेजारचे धड बिट त्यांना सांभाळून घेतात. डिकोडर मग पहिल्या बिटापासून अंदाज बांधत निघतो, हा शून्य असेल तर पुढचं जुळतंय का, जुळेनासं झालं की मागे येतो, दुसरी वाट धरतो. याला फानो अल्गोरिदम म्हणतात. इथे गरगरायला झालं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पुढचं अडणार नाही, पण मला मात्र हे कागदावर पेन्सिलने थोडंसं करून बघताना जे सुख मिळालं ते सांगायचं राहिलं असतं.

आता फॉरवर्डचं बघू. व्हिस्परच्या जुन्या नोंदीत काय असतं? वेळ, कोणी पाठवलं, कोणी ऐकलं, फ्रिक्वेन्सी, तिचा सरकणेपणा आणि सिग्नल किती डीबी, तोही पूर्णांकात. मूळ आवाज जपलेला नाही. आयनोस्फिअरमुळे, म्हणजे सिग्नल परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या भागामुळे, दोन मिनिटांपूर्वीचा आणि आत्ताचा सिग्नल यांत सहज काही डीबींचा फरक पडतो, रोज पडतो, विमान असो नसो. हजारो किलोमीटरवरून आलेला मूळ सिग्नलच गोंगाटाखाली, तर त्या वाटेवर एका विमानावर आपटून आलेला पडसाद त्याच्याही कितीतरी खाली असणार. आणि जगभर इतक्या जोड्या एकमेकांना ऐकत असतात की समुद्रात कुठेही बोट ठेवा, तिथून जाणारी एखादी 'विचित्र' नोंद सापडेलच. खुद्द टेलर यांनीच व्हिस्परच्या जुन्या नोंदींवरून विमानाचा माग काढणं शक्य नाही असं जाहीरपणे सांगितलंय. तरी फॉरवर्ड थांबत नाही, आणि त्या २३९ जणांच्या घरच्यांना दरवर्षी नवी खोटी आशा दाखवली जाते याचा मला राग येतो.

शिकायचं असेल तर गोव्यात सुरुवात कुठून करायची? ट्रान्समिट करायला परीक्षा आणि परवाना लागतो, त्याच्या आधी फक्त रिसीव्हिंगच शिका. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी सोपा बँड घ्या, ७.०३८६ मेगाहर्ट्झ, तिथे डिकोड कसा दिसतो ते डोळ्यात बसू दे, मग ४७४.२ किलोहर्ट्झवर उतरा. कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं हवंच, व्हिस्पर सम मिनिटाला एक सेकंद झाल्यावर सुरू होतं आणि घड्याळ काही सेकंद चुकलं तर साचा सरकवायची डिकोडरची मर्यादा संपते, वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल आणि गोंगाट रंगांत दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या पट्ट्यात, रेघ दिसते पण ओळ काही उमटत नाही. वेबवरून चालणारे किवीएसडीआर रिसीव्हर जगभर आहेत, त्यांत व्हिस्पर डिकोडर आतच असतो, युरोपातल्या एखाद्यावर तिथल्या रात्री १३६ किलोहर्ट्झ लावून बसा. रात्रीच का, तर दिवसा सूर्यामुळे आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा डी थर दाट होतो आणि वर जाणारा सिग्नल खाऊन टाकतो, मावळतीनंतर तो विरतो. ग्रहणातसुद्धा तेवढ्यापुरता विरतो, २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी आपल्याकडे सूर्याचा मोठा भाग झाकला गेला तेव्हा रेडिओवाले हेच बघायला बसले होते आणि बाकीचे शिजलेलं अन्न टाकून देत होते. ग्रहणाने अन्नाला काही होत नाही, डी थराला होतं.

स्वतःच्या घरी ऐकायचं तर खरा शत्रू वीज नव्हे, एलईडी बल्ब. चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळे याच फ्रिक्वेन्सींवर किरकिर करतात. पावसात लाइट गेली की अख्खा वाडा वैतागतो आणि मी लॅपटॉप बॅटरीवर घेऊन गच्चीच्या जिन्यात जाऊन बसतो, कारण तेव्हा स्क्रीनवरचा पिवळा गोंगाट निळा पडतो आणि आपल्या घराचा कचरा किती होता ते कळतं. आमच्याकडे शोधत शोधत शेवटी चोर सापडला तो देवघरातला चोवीस तास पेटता छोटा एलईडी दिवा. आई म्हणाली देवाचा दिवा विझवायचा नाही. मी म्हटलं विझवू नको, तेलाची समई लाव, समईत किरकिर करणारा स्विचिंग सप्लाय नसतो. आता समई असते, तेल मी आणतो.

आणखी एक, नवशिक्यांना हमखास फसवणारी गोष्ट. एखाद्या रात्री स्क्रीनवर कधी न ऐकलेलं कॉलसाइन येतं, लोकेटर भर समुद्रातला, पॉवर शेकडो वॉट. लगेच नाचू नका. मघाचे आकडे आठवा, २८ बिटांतल्या २६.८ कोटी जागांपैकी २६.२ कोटी जागांवर कुठलं ना कुठलं कॉलसाइन बसलेलंच आहे, म्हणजे निव्वळ खरखरीतून डिकोडर चुकून काहीतरी जुळवून बसला तरी जे बाहेर पडेल ते जवळजवळ नेहमीच कॉलसाइनसारखंच दिसणार. व्हिस्परमध्ये उत्तर तपासायचे वेगळे बिट नाहीत. म्हणून तेच कॉलसाइन पुन्हा दिसतं का, त्याच फ्रिक्वेन्सीवर दिसतं का, आणखी कोणी ऐकलंय का हे बघायचं. नंतर आलेल्या एफएसटी४डब्ल्यू या पद्धतीत ५० बिटांना २४ तपासणीचे बिट जोडलेत, त्यामुळे खोटे डिकोड फार कमी. त्यात अर्ध्या तासाचा एक संदेश पाठवायचीही सोय आहे, दोन मिनिटांऐवजी ३० मिनिटं, वेळ १५ पट आणि पकडता येणारा सिग्नलही जवळपास तितक्याच पटीने कमजोर, उणे ४४.८ डीबीपर्यंत. वरच्या बँडवर हे चालत नाही, तिथे अर्ध्या तासात फ्रिक्वेन्सी हलते, १४ मेगाहर्ट्झवर घड्याळाच्या क्रिस्टलची दहा लाखात एकाची चूक म्हणजे १४ हर्ट्झ. १३७ किलोहर्ट्झवर तीच चूक ०.१४ हर्ट्झ, आणि साधा स्वस्त रिसीव्हरसुद्धा तासभर गरम होऊ दिला तर अर्धा तास एका जागी टिकतो.