किल्ली काढली, तरी काच वर कशी जाते?

पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडं गाडी तीन-चार आठवडे शेडमध्ये उभी राहिली, की 'सेल्फ घेईना झालाय' हे गाऱ्हाणं ठरलेलं. मग कुणी अमावास्येवर ढकलतं, कुणी बंपरला ताजं लिंबू-मिरची बांधतं. लिंबात आम्ल असतं हे खरं, पण तेवढ्यानं बॅटरी चार्ज होत नाही.

मुळात 'किल्ली काढली म्हणजे गाडी बंद' हा समजच अर्धवट आहे. बॅटरीतून ढोबळमानानं तीन वाटा निघतात. एक कायम जिवंत : घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, हॅझर्डचे दिवे. दुसरी टेप, चार्जिंग सॉकेट अशा अ‍ॅक्सेसरीजची. तिसरी इंजिनाची. जुन्या गाड्यांत किल्ली मागं फिरवली की दुसरी आणि तिसरी जागच्या जागी तुटायची. आताच्या बऱ्याच गाड्यांत मात्र किल्ली खिशात टाकल्यावरही काच वर जाते, गाणं चालू राहतं.

ही करामत रिलेची. रिले म्हणजे विजेनं चालणारा स्विच. आत बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून १५० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की त्याचं चुंबक होतं, ते लोखंडी पट्टी ओढतं, संपर्क जुळतो आणि २०-३० अँपिअरची वाट मोकळी होते. फ्यूजबॉक्समधला रिले उपटून पाहा, पायांशी आकडे दिसतील : ८५ आणि ८६ वेटोळ्याचे, ३० बॅटरीकडून येणारा, ८७ पुढं जाणारा. वेटोळ्यात प्रवाह किती वेळ ठेवायचा, हे आता किल्ली नव्हे, बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे-काचा-कुलपं सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, ठरवतं. इंजिन बंद झाल्याची खबर मिळताच ते वेळ मोजू लागतं आणि काही मिनिटं रिले धरून ठेवतं. तेवढ्यात ड्रायव्हरचं दार उघडलं, की दाराच्या स्विचकडून इशारा जातो. बऱ्याच गाड्यांत त्याच क्षणी रिले सुटतो. डॅशबोर्डखालून बारीकसा 'टक्' ऐकू येतो.

सुटण्यातही गंमत आहे. प्रवाह तुटताच वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं. लेन्झच्या नियमानं वेटोळं तोच प्रवाह रेटू पाहतं आणि टोकांवर उलट ध्रुवतेचा, कधी शेकडो व्होल्टचा झटका उठतो. मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर त्यानं जळू नये म्हणून वेटोळ्याला समांतर, झटका जिरवणारा डायोड किंवा रोध (रेझिस्टर) जोडतात.

रिले सुटला तरी पहिली वाट जागीच असते. धडधाकट गाडी झोपेत ३० मिलिअँपिअर खाते असं धरा. दिवसाला झाले ०.७२ अँपिअर-तास, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी २४ दिवसांत निम्मी. त्याच वाटेवर ३०० मिलिअँपिअर खाणारा डॅशकॅम (रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा) जोडला, तर हेच काम सव्वादोन दिवसांत उरकतं. सॉकेटात खोचायचे 'बॅटरी सेव्हर' मिळतात, त्यातला लुकलुकणारा दिवासुद्धा बॅटरीवरच चालतो!

झोपेत जास्तीची वीज खाणारा चोर शोधायचा तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून, ते आणि सुटलेली केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) १० अँपिअरच्या खाचेवर जोडा. पण लगेच आकडा वाचू नका. मॉड्यूल झोपी जायला काही गाड्यांत अर्धा तासही लागतो, आणि मीटर लावलेला असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच. आकडा स्थिरावला की एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला तो धाडकन खाली येईल, त्याच वाटेवर गळती आहे.