सोलापुरी टॉवेल आणि घोडीची नळी

लग्नसराईत एका पशुवैद्य मित्राबरोबर अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका तबेल्यात गेलो होतो. वरातीच्या घोडीला तीन आठवड्यांपूर्वी मागच्या पायाच्या नळीवर पत्रा लागला होता. मालकाने मायेने घरातला नवाकोरा टॉवेल फाडून गुंडाळला होता आणि दर तीन दिवसांनी तो बदलत होता. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! पण सोडायला घेतला तशी घोडीने पाय झाडला. टॉवेलचे इवले फासे जखमेतून झिरपून सुकलेल्या लशीत रुतून बसले होते. ओढल्यावर त्यांच्याबरोबर जखमेच्या काठाची गुलाबी-दुधी रेघही उचकटून आली. ती रेघ म्हणजे घोडीची नवी कातडी.

ती किती महाग असते, याचा हिशेब मित्राने तिथेच मांडला. घोड्याच्या धडावरची जखम बऱ्याच अंशी आवळून बंद होते. काठ आत ओढले जातात. गुडघ्याच्या खाली मात्र मांसल स्नायू नाहीतच. हाडावर शिरा, कंडरा (स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर) आणि त्यावर ताणून बसवलेली कातडी, तीही सतत हलणारी. तिथे आवळणं फार थोडं होतं, म्हणून काठाच्या पेशींना सरकत सरकत मध्यापर्यंत यावं लागतं. धडावर त्यांचा वेग दिवसाला सुमारे ०.२ मिलिमीटर, पायावर ०.०९. चार सेंटिमीटर रुंद जखम नुसती अशी भरायची म्हटली, तर दोन्हीकडून दोन-दोन सेंटिमीटर, म्हणजे सात महिन्यांहून जास्त. तीन दिवसांची कमाई जेमतेम पाव मिलिमीटर, आणि तीच टॉवेलबरोबर जात होती.

‘जखम उघडी ठेव, सुकू दे’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की पातळ पडद्याखाली ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने चढते. खपली असली की पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. आजच्या बहुतेक ड्रेसिंगमागे हाच विचार आहे. समुद्री शेवाळापासून केलेली अल्जिनेटची पट्टी जखमेतली लस शोषून स्वतः जेलीसारखी होते. मध जंतूंमधलं पाणी ओढून घेतो. घाण, सडकं मांस असेल, तर तीव्र मिठाच्या पाण्यातलं गॉज पहिले काही दिवस कामाला येतं.

इथवर माणसासारखंच. घोड्याच्या पायावर मात्र पुढे घात होतो. जखमेचा खड्डा भरायला तांबडं, दाणेदार मांस येतं ते थांबतच नाही. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं कातडीच्या वर येतं. या फाजील मांसात मज्जातंतू नसतात. कापलं तर घोडं हूं की चूं करत नाही, पण रक्ताची धार लागते. कातडीच्या पेशींना हा डोंगर चढता येत नाही. आणि गंमत अशी, की ऊब आणि ओलावा देणारी बंद पट्टीच या मांसाला खतपाणी घालते.

म्हणजे पहिल्या आठवड्यात तारणारी पट्टी चौथ्या आठवड्यात नडू शकते. माझ्या मते महागडं ड्रेसिंग कोणतं, यापेक्षा ते कधी बदलायचं हे ओळखण्यातच पशुवैद्याचं कसब आहे. खड्डा कातडीच्या पातळीला आला, की न चिकटणारी पट्टी; सिलिकॉनच्या पट्टीखाली फाजील मांस कमी येतं, असं प्रयोगात दिसलं आहे. मांस वर आलंच, तर डॉक्टर ते छाटतात किंवा स्टिरॉइडचं मलम लावतात. मोरचूद टाकून जाळायची जुनी रीत अजून दिसते. तो मांस जाळतो तसा काठाची कातडीही जाळतो.

भीमाकाठी धनगरांची बिऱ्हाडं वाहणारी तट्टं पाहिली, की मला नेदरलँड्समधला एक अभ्यास आठवतो. तिथे तट्टांच्या जखमा घोड्यांपेक्षा लवकर भरल्या. तट्टांच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीलाच जोरात तुटून पडतात आणि काम आटोपतात. घोड्यात हा दाह, म्हणजे जखमेची सूज-लाली, मंद असतो आणि रेंगाळतो. रेंगाळलेला दाह म्हणजे फाजील मांसाला आमंत्रण.

उन्हाळ्यात जखम अगदी उघडी टाकणंही परवडत नाही. माश्या बसतात आणि हॅब्रोनेमा नावाच्या जंताच्या अळ्या सोडून जातात. मग जखम भरता भरत नाही, आणि तिच्यात वाळूसारखे पिवळे खडे सापडतात. धनुर्वाताची लस तर घोड्याला चुकवूच नये. आणि सांध्याजवळच्या जखमेतून चिकट, पिवळसर पाणी येत असेल, तर पट्टीचा विचार बाजूला ठेवून तासाभरात डॉक्टर गाठावा.

मित्राने उरलेला टॉवेल मिठाच्या पाण्याने भिजवून भिजवून सोडवला. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. मग न चिकटणारी पट्टी, तिच्यावर कापसाचा जाड, सारखा थर आणि वरून बँडेज. थर सारखा हवा, कारण एका जागी करकचून आवळलं, तर खालची कंडराच दुखावते.

“मग टॉवेल वापरूच नको का, डॉक्टर?” मालकाने विचारलं.

“वापरा की. ओला करून मानेवर टाका. ऊन बघा कसलं तापलंय!”