सरगुंड्यांची मटणाशी सोयरीक

दसरा झाला की आमच्याकडे मटणाचा गंज मोकळ्या मनाने चुलीवर चढतो. पोळ्याच्या करीला एकदा खाणं होतं, पण पाठोपाठ महालक्ष्म्या, पितृपक्ष, नवरात्र. घरात कोणी ना कोणी पाळणारं असतंच. मग सोयाबीन निघतं, हातात चार पैसे येतात, सांजेला अंगणात जरा गारवा. गेल्या वर्षी अशाच एका सांजेला अमरावतीला शिकणाऱ्या भाचीने पास्त्याचं पाकीट आणलं. आईने आट्या पडलेला एक तुकडा उचलला, दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाली, "हे त सरगुंडेच हायेत वं पोरी. काडी कुठी गेली यातली?"

प्रश्न नेमका होता. सरगुंडे म्हणजे उन्हाळ्याच्या वाळवणातली सगळ्यात चिकाटीची वस्तू. कणीक घट्ट भिजवायची, तेलाचा हात लावून कुटायची, तिची दोरी वळायची आणि सर गवताच्या काडीवर वेढे देत गुंडाळायची. काडी अलगद ओढली की मागे पोकळ स्प्रिंग उरते. वाळवून डब्यात, आखाजीला वाफवून आंब्याच्या रसात. इटलीच्या सिसिली बेटावरल्या त्रापानी भागातल्या बायकांचा 'बुझिआते' नावाचा पास्ता असाच होतो. तिकडे काडी एका रानगवताच्या दांड्याची असते, आणि त्या दांड्यावरूनच पास्त्याला नाव पडलं. दोघींनी एकमेकींचं पाहून केलं असं मी म्हणत नाही. गवताची काडी आणि भिजलेली कणीक कुठेही एकत्र येऊ शकतात.

गव्हाचं नातं मात्र खरं आहे. पास्त्याचा ड्युरम गहू म्हणजे आपल्या बन्सीच्याच जातकुळीतला. दाणा कडक, दळला की पिठापेक्षा रवा जास्त, शिजवला तरी गाळ होत नाही. काळ्या जमिनीत, नुसत्या ओलीवर तो यायचा, आणि शेवयांसाठी त्यालाच मान होता. विहिरींना पाणी आलं, लोकवन पसरला आणि बन्सी मागे पडला. इटलीने उलट १९६७ साली कायदाच केला की वाळलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा.

मार्को पोलोने पास्ता चीनमधून आणला, ही गोष्ट मुलांना सांगायला बरी. तो १२९५ साली व्हेनिसला परतला. अल् इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ मध्येच लिहून ठेवलंय की सिसिलीत पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी कणकेच्या वाळवलेल्या शेवया होतात आणि जहाजं भरभरून बाहेर जातात.

पण मला खरी गंमत वाटते ती चवीची. आपल्याकडे शेवया, सरगुंडे गोडाचे. मटणासोबत भाकर, पोळी, भात. ही वाटणी कुणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडून पाहा, सासुरवाशिणीची गत होईल. इटलीतही पंधराव्या-सोळाव्या शतकात श्रीमंतांच्या ताटातल्या पास्त्यावर साखर आणि दालचिनी भुरभुरत. मार्टिनो नावाचा नामांकित आचारी तर सिसिलियन माकारोनी दोन तास शिजवायला सांगे. आज तिकडे असं कुणी केलं तर भांडण होईल. टोमॅटो अमेरिकेतून सोळाव्या शतकात इटलीत पोचला, तरी पास्त्याशी त्याची गाठ पडायला अठराव्या शतकाची अखेर उजाडली. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या प्रसिद्ध मांसाच्या रस्स्याची १८९१ साली आर्तुसी या पाककृती-लेखकाने छापलेली कृती पाहा: मांस, कांदा, गाजर, लोणी आहे, टोमॅटो नाही. त्या रस्स्याची 'अधिकृत' कृती बोलोन्याच्या व्यापारी मंडळात नोंदवली गेली ती १७ ऑक्टोबर १९८२ला. म्हणजे 'परंपरा' म्हणून जे मिरवलं जातं, त्यातलं बरंचसं आमच्या आईपेक्षा लहान आहे.

त्या दिवशी आमच्या गंजात बारीक तुकड्यांचं मटण होतं, वर पावभर भेदरं म्हणजे टोमॅटो, बाडीतली वांगी, चवळीच्या शेंगा, शेवटी मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. गाजर गावात मिळालं नाही. कोहळ्याच्या फोडी टाकल्या, आणि त्या विरघळून रस्सा दाट झाला तो फार उपयोगी पडला. पास्ता वेगळा उकळून भाचीने तर्रीत सोडायला घेतला. तेवढ्यात आईने झाऱ्याने एक वाटीभर बाजूला काढला, त्यावर दूध आणि गूळ घेतला आणि चुलीपुढे बसून सावकाश खाल्ला.