टंचाई, असोसिएशन आणि सिमेंटची गोणी: थोडी पार्श्वभूमी

घराचा स्लॅब टाकायचा तर आधी सिमेंटचं परमिट काढा, हे ज्यांनी बघितलंय त्यांना तो काळ वेगळा सांगायला नको. भाव सरकार ठरवायचं, वाटपही सरकारच बघायचं, आणि त्या परमिटला काय वजन होतं ते १९८२ ला महाराष्ट्राला कळलंच, मुख्यमंत्री अंतुलेंच्या ट्रस्टला देणग्या आणि बिल्डरांना सिमेंट यांचा संबंध मुंबई हायकोर्टाने जोडला आणि त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं. त्याच वर्षी कंट्रोल थोडा सैल झाला, १९८९ ला पूर्ण उठला.

मक्तेदारीविरोधी कायदा तसा १९६९ पासून होता हो, एमआरटीपी, पण जिथे भावच सरकारी तिथे संगनमत कुणाचं पकडणार? नवा स्पर्धा कायदा २००२ चा, पण संगनमताची कलमं लागू झाली थेट मे २००९ मध्ये. त्यातल्या कलम ३ मध्ये कंपन्यांची असोसिएशन पण येते, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाव ठरवला किंवा माल रोखला तर "आम्ही नुसती संघटना आहोत" म्हणून सुटका नाही.

आणि पहिला मोठा दणका बसला तो सिमेंटलाच. बिल्डरांच्या संघटनेने २०१० मध्ये स्पर्धा आयोगाकडे (हा कायदा राबवणारी सरकारी संस्था) सिमेंट कंपन्या आणि त्यांची असोसिएशन संगनमत करतात अशी तक्रार केली, म्हणजे बघा, एका असोसिएशनची दुसरीवर. सिमेंटवाल्यांचं म्हणणं असं की गावोगावचे भाव गोळा करायला तर सरकारी खात्यानेच सांगितलंय, आम्ही फक्त तक्ता भरतो. मला यात थोडं तथ्य वाटतं, जुनी सवय ती. पण स्पर्धा आयोगाने विचारलं की तोच तक्ता समोरच्या कंपनीला दिसला तर काय होणार, आणि प्लांटची क्षमता असताना उत्पादन कमी का काढलं, म्हणजे टंचाई खरी की केलेली? जून २०१२ मध्ये ११ कंपन्या आणि असोसिएशन मिळून साधारण ६,३०० कोटींचा दंड. २०१५ ला अपिलात तो आदेश उडाला, कारण काय तर आयोगाच्या ज्या अध्यक्षांनी सही केली त्यांनी सुनावणी ऐकलीच नव्हती! २०१६ ला परत दंड, २०१८ ला अपिलात कायम, मग सुप्रीम कोर्ट.

मग कोविड आला आणि गाडी उलटी फिरली. एप्रिल २०२० मध्ये याच आयोगाने पत्रक काढलं की औषधं, व्हेंटिलेटर, मास्क अशा वस्तूंसाठी कंपन्यांना एकमेकांशी बोलावं लागेल, स्टॉकची माहिती, कामाच्या वेळा, वाहतूक, वितरणाचं जाळं वगैरे, तर गरजेपुरतं असेल तर आम्ही परिस्थिती लक्षात घेऊ. भावाचा तक्ता मात्र त्या यादीत नव्हता.