मेढा कुठं गेला?

आप्पांनी चष्मा पुसला, मोबाइल हातभर लांब धरला आणि तालुक्यांची यादी अंगठ्यानं वर सरकवली. मग खाली. मग पुन्हा वर.

"ह्यात मेढा न्हाई," ते म्हणाले.

मी गप्प. गप्प बसणं हेच माझं काम. संकेतस्थळाचं नवं रूप तयार होत असताना त्याचा कच्चा आराखडा चारचौघांच्या हातात द्यायचा, एक काम सांगायचं आणि ते कुठं अडतात ते बघत बसायचं. याला वापरसुलभता चाचणी म्हणतात. आप्पा आमच्या वहिनींचे वडील, जावली तालुक्यातले. साताऱ्याला पोवई नाक्याजवळ आमच्या घरी आले होते, म्हणून चहानंतर त्यांच्या हाती फोन दिला. आराखडा एका सरकारी सेवेचा होता.

शेवटी त्यांनी तालुका म्हणून 'सातारा'च निवडला. जिल्हा तोच आहे की! पुढं गावांची यादी उघडली, तीत त्यांचं गाव असणार कुठून? "आमचं गाव धरलंच न्हाई सरकारनं," म्हणून ते हसले आणि मग जरा हळू आवाजात म्हणाले, "मलाच येत न्हाई रं ह्यातलं."

हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मी वहीत खूण करतो. माणूस स्वतःला दोष देऊ लागला म्हणजे पानात दोष आहे.

इथला दोष दुहेरी होता. तालुक्याचं नाव जावली, पण तहसील कचेरी मेढ्याला. लोक 'मेढ्याला जाऊन येतो' म्हणतात, जावलीला जाऊन येतो असं कुणी म्हणत नाही. माण आणि दहिवडी, खटाव आणि वडूज यांचंही तेच. (त्यात पुन्हा इतिहासाच्या पुस्तकात जावळी आणि सरकारी कागदावर जावली.) दुसरा दोष यादीच्या क्रमाचा. जावली, कराड, खंडाळा, खटाव, कोरेगाव, महाबळेश्वर, माण, पाटण, फलटण, सातारा, वाई. यात मराठी वर्णमाला शोधून दाखवा. हा क्रम इंग्रजी स्पेलिंगचा आहे, वर फक्त मराठी नावं चढवलेली. 'वाई' हा शब्द 'सातारा'च्या आधी यायला हवा हे आपल्या डोळ्याला शाळेपासून ठाऊक असतं, आणि इथं डोळा फसतो. अकरा नावांत निभावतं, गावांच्या लांबलचक यादीत माणूस हरवतो.

यादी बनवणाऱ्याला हे दिसत नाही, कारण जावली कुठं आहे ते त्याला पाठ असतं. चाचणी लागते ती एवढ्याचसाठी.

ती करायला प्रयोगशाळा लागत नाही. पानं कागदावर काढली आणि बोट ठेवलं की पुढचा कागद सरकवला, तरी भागतं. खरी कसरत काम सांगण्यात आहे. बटणावर 'उत्पन्न प्रमाणपत्र' असेल आणि मी 'उत्पन्न प्रमाणपत्र काढा' म्हणालो, तर मीच उत्तर फोडलं. आप्पांना मी म्हणालो, "नातीला कॉलेजात फी माफ व्हायची तर तहसीलदारांचा कागद लागतोय, काय कराल?" ते 'दाखला' शोधत राहिले. गावात दाखलाच म्हणतात. 'परवलीचा शब्द' वाचून तर ते थबकलेच. पासवर्ड मात्र त्यांना माहीत होता.

दुसरी अट म्हणजे मनात येईल ते बोलत बोलत करायचं. मानसशास्त्रातली ही पद्धत १९८२ साली आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी संगणकाच्या पडद्यासाठी वापरात आणली. आपल्याकडे तिला एक अडचण येते, ती भिडेची. समोरच्यानं खपून केलंय म्हटल्यावर माणूस वाईट कसं म्हणणार? "चांगलं केलंय की!" असं आप्पाही म्हणालेच, काम अर्धवट टाकून. म्हणून तोंडापेक्षा अंगठ्याकडे बघावं. किती वेळ लागला, कुठून मागं फिरले, काम तडीला गेलं का.

किती जणांना बसवायचं? जेकब नील्सन आणि टॉम लँडॉवर या संशोधकांनी १९९३ मध्ये यावर गणित मांडलं. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणींना धडकत होता. दुसरा त्यांतल्या काहींना पुन्हा धडकतो, म्हणून दोघांत मिळून ६२ नव्हे तर ५२ टक्केच हाती लागतात. तिघांत ६७, चौघांत ७७, पाच जणांत ८४. पुढं एकेका माणसामागं नवं फार थोडं मिळतं. म्हणून पंधरा जण एकदम बसवण्यापेक्षा पाच बसवा, दुरुस्त करा, मग पुढचे पाच, असा सल्ला नील्सन देतात.

मला हा सल्ला पटतो, पण 'पाच पुरे' हा मंत्र झाला तो पटत नाही. २००१ मध्ये जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी संकेतस्थळांची चाचणी घेतली, तेव्हा पहिल्या पाच जणांत जेमतेम ३५ टक्के अडचणी सापडल्या. शिवाय हे गणित एकसारख्या माणसांचं. कराडचा इंजिनिअरिंगचा पोरगा, माणमधल्या बचत गटाच्या ताई आणि आप्पा हे एका गटात बसत नाहीत. प्रत्येक गटातले तीन-चार तरी हवेत.

आणखी एक गोम आहे. अर्ज हजारोंनी भरले गेले म्हणजे संकेतस्थळ चांगलं, असं आकड्यांवरून वाटतं. पण त्यातले बरेचसे सेतू केंद्रात बसलेला पोरगा लोकांच्या वतीनं भरतो. त्याला जावलीही माहीत आणि कुठलं बटण दोनदा दाबावं लागतं तेही माहीत. चाचणीला त्यालाच बसवलं तर सगळं सुरळीत दिसणार. उलट त्याच्या शेजारी तासभर बसून तो गिऱ्हाइकाला काय काय विचारतो ते टिपलं, तर पानावर कोणते प्रश्न कोणत्या शब्दांत हवेत त्याची यादीच हाती येते.

आठवड्यानं आप्पांच्या हाती सुधारलेलं पान दिलं. मराठी क्रम, आणि 'जावली (मेढा)'. "हा काय, हितंच तर हाय!" पुढं गाव सापडलं, दाखला सापडला. मग मोबाइल नंबर टाकायचा आला. आप्पांनी लेकाचा टाकला. सगळीकडं तोच दिलेला असतो.

"आता ह्यो ओटीपी कुटं आला असंल?" त्यांनी विचारलं.

लेक मुंबईला माथाडी कामगार. दुपारचे दोन वाजले होते, तो गाडी खाली करत असणार. आप्पांनी दोनदा फोन लावला, उचलला नाही. मी वहीचं नवं पान काढलं.