काळा मृत्यू (युरोपातला प्लेग, १३४७–१३५१)

युरोपातली निदान एक तृतीयांश आणि बऱ्याच इतिहासकारांच्या मते जवळपास निम्मी माणसं ज्या साथीत गेली ती ही. जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची, सणकून ताप चढायचा, आठवड्याच्या आत खेळ खलास. रोग येर्सिनिया पेस्टिस या बॅक्टेरियाचा, उंदरांवरच्या पिसवांमधून पसरणारा, पण हे कळायला १८९० चं दशक उजाडलं, हाँगकाँग आणि कराचीच्या साथींमधे. पॅरिसच्या विद्वान डॉक्टरांनी १३४८ मधे राजाला रिपोर्ट दिला तो असा की शनी, गुरू, मंगळ कुंभ राशीत एकत्र आले म्हणून हवा बिघडली!

साथ आली जहाजांतून. काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियातल्या काफा या जेनोआच्या (इटलीतलं व्यापारी शहर) बंदराला मंगोलांचा वेढा होता, त्यांनी प्लेगची मढी तटावरून आत फेकली ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते, पण ती लिहून ठेवणारा तिथे नव्हताच, आणि उंदरांना आत शिरायला कुणी फेकावं लागत नाही. ऑक्टोबर १३४७ मधे जेनोआची जहाजं सिसिलीतल्या मेसिनाला लागली, मग फ्रान्समधलं मार्सेय, पुढच्या वर्षी पॅरिस, लंडन, १३४९ मधे नॉर्वे.

इटलीतल्या सिएनाचा आन्योलो दि तुरा लिहितो की मी माझी पाच मुलं स्वतःच्या हाताने पुरली. तिथलं कॅथेड्रल वाढवायचं काम चालू होतं ते थांबलं ते कायमचंच, अर्धवट भिंत आजही उभी आहे.

ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी आवई उठली. फेब्रुवारी १३४९ मधे स्ट्रासबर्गात शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं, आणि तोवर प्लेग तिथे पोचलाही नव्हता! पोप सहावा क्लेमेंट सांगत होता की अरे ज्यूसुद्धा मरतायत, पण ऐकतो कोण.

जे जगले त्यांचा भाव मात्र वाढला. शेतं ओस, मजूर मिळेनात, मग इंग्लंडमधे १३५१ चा कायदा आला की मजुरी साथीच्या आधीचीच घ्यायची. जमीनदारच गुपचूप जास्त पैसे देऊन माणसं पळवायचे, त्यामुळे तो धड चाललाच नाही, पण राग साठत गेला आणि १३८१ च्या शेतकरी बंडामागे तोही होता. रागुसा बंदराने (आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक) १३७७ मधे साथीच्या गावांहून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवायचा नियम केला. (चोचवाला मुखवटा घातलेला डॉक्टर या काळातला नाही, तो १७ व्या शतकातला.) प्लेग काही गेला नाही, १३६१ मधे परत आला, आणि मार्सेयमधे तर अगदी १७२० मधेही.